वैशाखातील परसबाग आणि गावच्या पाण्याचा हिशेब

दख्खनच्या पठारावरील गावांत चैत्र आणि वैशाख हे दोन महिने एकाच वेळी सर्वांत आनंदाचे व सर्वांत अडचणीचे असतात. रब्बीचे धान्य घरात आलेले असते. शेतीची कामे उरकल्यामुळे माणसांना उसंत असते. ग्रामदैवताची जत्रा, लग्नसराई, शहरातून सुटीला आलेली मुले, माहेरपणाला आलेल्या लेकी यांनी घरे भरून जातात. वर्षभरात गावात सर्वांत जास्त माणसे असतात ती याच दिवसांत. आणि विहिरीत सर्वांत कमी पाणी असते तेही याच दिवसांत. ज्या गावाने हा विरोध वेळीच ओळखला, त्या गावाचा उन्हाळा सुखाने जातो. ज्याने ओळखला नाही, तेथे जत्रेचा भंडारा संपतो न संपतो तोच टँकरची वाट पाहणे सुरू होते.

याच काळात घरामागील परसबागेचा प्रश्न उभा राहतो. बाजारात पालेभाजी महाग होते, मिळाली तरी उन्हाने कोमेजलेली असते, आणि आठवडे बाजार लांब असल्यास घरातील स्वयंपाक डाळ, बेसन व चटणी यांवर येऊन ठेपतो. अशा वेळी परसातील चार वाफे कुटुंबाच्या आरोग्याला मोठा आधार देतात. परंतु ज्या गावात पिण्याचे पाणी मोजून मिळते, तेथे बागेला पाणी घालणे योग्य काय, असा प्रश्न शेजारी विचारतात आणि तो प्रश्न रास्त असतो. या लेखात या दोन्ही गोष्टींचा, म्हणजे गावच्या पाण्याच्या हिशेबाचा व परसबागेच्या जोपासनेचा, एकत्र विचार केला आहे. कारण उन्हाळ्यात एकीवाचून दुसरी टिकत नाही.

विहिरीची पातळी ही गावची पहिली बातमी

ग्रामपंचायतीच्या फलकावर सभेची सूचना, लसीकरणाचा दिवस, योजनांची माहिती असे बरेच काही लिहिलेले असते. उन्हाळ्यात या फलकावर सर्वांत वर एक ओळ असावी: पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत आज किती पाणी आहे. ही बातमी मिळविण्यास कोणतेही महागडे साधन लागत नाही. शेवटाला दगड बांधलेली, दर दहा सेंटीमीटरवर गाठ मारलेली एक दोरी पुरते. मात्र पातळी रोज एकाच वेळी, पहाटे पंप सुरू होण्यापूर्वी मोजावी, आणि पंप बंद केल्यावर पुन्हा एकदा मोजावी. पहिल्या मोजणीवरून विहिरीत साठा किती आहे ते कळते. आदल्या दिवशी पंप बंद करतानाची पातळी व दुसऱ्या पहाटेची पातळी यांतील फरकावरून रात्रीतून झऱ्यांनी किती पाणी दिले ते कळते. साठ्यापेक्षाही हा दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. कारण झरे मंदावले की विहीर आटण्याची ती पहिली सूचना असते.

सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीचे उदाहरण घेऊ. तिच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर भरते. म्हणून पातळी दहा सेंटीमीटर उतरली की सुमारे २,८०० लिटर पाणी उपसले गेले, असा हिशेब होतो. २०० माणसांच्या वाडीस प्रत्येकी ५५ लिटरप्रमाणे दिवसाला ११,००० लिटर पाणी लागते. ग्रामीण भागासाठी माणशी ५५ लिटर हे प्रमाण २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने धरलेले आहे. या ११,००० लिटरांसाठी पातळी सुमारे ३९ सेंटीमीटर खाली जाईल. रात्रीतून ती तेवढीच वर आली तर विहीर समतोल आहे. ती केवळ २० सेंटीमीटर वर येत असेल, तर रोज १९ सेंटीमीटरची तूट पडते. आणि विहिरीत तीन मीटर पाणी शिल्लक असल्यास ते सोळा दिवसांत संपेल, हे शाळेतील मूलही सांगू शकेल. ही वजाबाकी एप्रिलच्या आरंभी फलकावर लिहिली गेली, तर मे महिन्यात गावावर धावाधाव करण्याची पाळी येत नाही.

महाराष्ट्राच्या बहुतांश भागाच्या पोटात काळा बसाल्ट खडक आहे. हा खडक स्वतः पाणी धरीत नाही. पाणी राहते ते त्याच्या वरच्या मुरमाड थरात, भेगांत व सांध्यांत. हा साठा मर्यादित असतो आणि एकाच गावातील अनेक विहिरी बहुधा एकाच साठ्यावर जगतात. म्हणून आपल्या मालकीच्या विहिरीतून आपण पाणी उपसतो, तेव्हा आपण केवळ आपलेच पाणी उपसतो असे समजणे बरोबर नाही. ही गोष्ट कायद्यानेही मान्य केली आहे. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यास बंदी घातली होती, ती याच कारणासाठी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. गावाने स्वतः रोज केलेल्या नोंदी या मोजणीशी ताडून पाहिल्यास गावाला आपल्या जमिनीखालचे चित्र अधिक स्पष्ट दिसते.

हिवरे बाजारचा पाठ

पाण्याचा जमाखर्च मांडणाऱ्या गावांत हिवरे बाजारचे नाव सर्वांना परिचित आहे. हे गाव आजच्या अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. येथे वर्षाला सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर या गावाची दैना झाली आणि अनेक कुटुंबे रोजगारासाठी गाव सोडून गेली. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी डोंगरावर सलग समतल चर खणले, बंधारे घातले, झाडे लावली, आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. पुढे गाव आदर्श गाव योजनेत सामील झाले. या कार्याबद्दल श्री. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

चर व बंधारे अनेक गावांनी बांधले. परंतु हिवरे बाजारने त्याच्यापुढचे पाऊल टाकले. अडविलेले पाणी कसे खर्च करावयाचे याचे नियम गावाने स्वतः केले. शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास बंदी झाली. ऊस व केळी ही अधिक पाणी पिणारी पिके गावाने नाकारली. दरवर्षी पावसाळा संपल्यावर पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते, आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात ते ठरते. पाऊस कमी झाला असेल तर रब्बीचे क्षेत्र कमी केले जाते. हा निर्णय उन्हाळ्यात घेतला जात नाही, पेरणीपूर्वी घेतला जातो, हे त्यातील मर्म होय. विहीर आटल्यावर घेतलेला निर्णय भांडणाला कारण होतो. विहीर भरलेली असताना घेतलेला निर्णय नियम म्हणून पाळला जातो.

गुंठ्याला पाणी की माणसांना?

आता परसबागेकडे वळू. एक गुंठा जमीन म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तीवर पाटाने पाच सेंटीमीटर पाणी सोडले तर एका पाळीस ५,००० लिटरांहून अधिक पाणी लागते. माणशी ५५ लिटरप्रमाणे हे ९० माणसांचे दिवसाचे पाणी झाले. उन्हाळ्यात अशी पाळी पाच-सहा दिवसांनी द्यावी लागते. ज्या गावात नळ दोन दिवसांआड येतो, तेथे एका घराच्या परसात मोकाट पाणी वाहू लागले तर ती हिरवी बाग शेजाऱ्यांच्या डोळ्यांत सलते. त्यांचा राग खोटा नसतो. म्हणून टंचाईच्या काळात परसबागेसाठी एकच नियम गावाने करावा: पिण्याच्या स्रोतातील ताजे पाणी बागेला देऊ नये, एकदा वापरून झालेले पाणी थेंबभरही वाया घालवू नये.

या नियमाने बाग मरते असे नाही. पाच माणसांच्या घरी दिवसाला २७५ लिटर पाणी येते असे धरले, तर पिण्याचे, स्वयंपाकाचे व शौचालयाचे पाणी वगळून आंघोळ, भांडी, कपडे व भाज्या-धान्य धुण्याचे मिळून निदान १२० लिटर सांडपाणी सहज हाती लागते. पंधरा लिटरांचा हंडा धरल्यास हे आठ हंडे झाले. घरातील बाईला आठ खेपा घालून आणावे लागले असते, एवढे हे पाणी आहे. अनेक घरांत आजही ते मोरीतून रस्त्यावर जाते; तेथे चिखल होतो, डास वाढतात आणि त्यावरून शेजाऱ्यांत कुरबुरी होतात.

आता बागेची गरज पाहू. मे महिन्यात सोलापूर, अहिल्यानगर यांसारख्या भागांत उघड्या भांड्यातील पाणी दिवसाला दहा मिलिमीटर वा त्याहून अधिक आटते. एक चौरस मीटरवरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे सोपे प्रमाण ध्यानात ठेवावे. भाजीपाल्याच्या वाफ्याला, तो उघडा असल्यास, चौरस मीटरमागे सहा ते आठ लिटर पाणी रोज लागेल असे धरावे. जमिनीवर आच्छादन घातले व दुपारच्या उन्हापासून आडोसा केला, तर ही गरज चार-पाच लिटरांवर येते. म्हणजे १२० लिटरांत उघडा वाफा १५ ते २० चौरस मीटर, तर झाकलेला वाफा २५ ते ३० चौरस मीटर जगतो. पाणी तेच, भाजी मात्र दीडपट. उन्हाळी परसबागेचे सारे शास्त्र या एका हिशेबात सामावलेले आहे.

सांडपाणी कसे वापरावे

सर्व सांडपाणी सारखे नसते. भाज्या, तांदूळ व डाळी धुतलेले पाणी सर्वांत चांगले; ते थेट रोपांना द्यावे. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी गाळून द्यावे. कपडे धुताना निघालेले पहिले, साबणाने दाट झालेले पाणी वाफ्यात सोडू नये. ते केळ, कर्दळ व अळू यांच्या खड्ड्याकडे न्यावे. दुसरे व तिसरे खळबळलेले पाणी बागेला चालते. शौचालयाचे वा गोठ्यातील मूत्रमिश्रित पाणी या व्यवस्थेत कदापि मिसळू देऊ नये.

गाळणीसाठी जुना पिंप वा सिमेंटची टाकी पुरते. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू असे थर द्यावेत. मोरीच्या तोंडाशी गोणपाट बांधावे, म्हणजे खरकटे अडते. गोणपाट दोन दिवसांनी झटकावे व वाळूचा वरचा थर महिन्याने बदलावा. गाळलेले पाणी त्याच दिवशी वापरून टाकावे; साठवून ठेवल्यास त्याला दुर्गंधी येते व त्यात डासांची वाढ होते. उरलेले पाणी शोषखड्ड्यात सोडावे.

हे पाणी रोपांच्या मुळांशी द्यावे, पानांवर वा फळांवर पडू देऊ नये. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, मुळा, गाजर यांना ते देऊ नये. मांडवावरील वेल, भेंडी, गवार, शेवगा, लिंबू, पपई यांना ते निर्धास्त द्यावे. साबणातील क्षारांमुळे मातीवर पांढरी पापडी दिसू लागल्यास त्या वाफ्याला काही दिवस केवळ भाजी-तांदळाचे पाणी द्यावे, भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे, आणि पाण्याची जागा आलटून-पालटून बदलावी. पावसाळ्यात चांगला निचरा असलेल्या जमिनीतील हे क्षार धुऊन जातात. म्हणून निचऱ्याचा चर बुजू देऊ नये.

मडके, आच्छादन व आडोसा

मातीच्या मडक्याने झाड जगविण्याची पद्धत जुनी आहे व आजही तितकीच उपयुक्त आहे. पाच ते सात लिटरांचे, न रंगविलेले, चांगले पाझरणारे मडके निवडावे. ते पाण्याने भरून ठेवल्यास काही तासांत बाहेरून ओलसर झाले पाहिजे. तसे न झाल्यास ते या कामाचे नव्हे. मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, तोंडावर कौलाचा तुकडा ठेवावा व भोवती चार ते सहा वेल वा रोपे लावावीत. माती कोरडी होईल तसे मडके पाझरते व माती ओली असताना पाझर मंदावतो. त्यामुळे पाणी वाया जात नाही. दोन-तीन दिवसांनी ते पुन्हा भरावे. मात्र साबणाचे पाणी मडक्यात घालू नये. त्याने मडक्याची छिद्रे बुजतात. मडक्यासाठी भाज्या धुतलेले, फडक्यातून गाळलेले पाणीच वापरावे. घरातील काठ फुटलेले जुने माठ टाकून न देता या कामी लावता येतात.

आच्छादनासाठी उसाचे पाचट, गव्हाचे काड, सोयाबीनचे भूस, झाडांचा पालापाचोळा, जे मिळेल ते तीन-चार बोटे जाडीने पसरावे. बुंध्यापासून दोन बोटे जागा मोकळी ठेवावी. वाळवीचा उपद्रव असल्यास कोरड्या जाड काटक्या वापरू नयेत. आच्छादनाने जमीन दुपारीही थंड राहते, तण कमी येते आणि पावसाळ्यापर्यंत तेच कुजून खत होते. शेतातील पाचट व काड पेटवून देण्याची सवय ज्या गावांत आहे, त्यांनी या एका कारणासाठी तरी ती सोडावी.

बागेच्या पश्चिम व दक्षिण बाजूस तुराट्या वा पऱ्हाट्यांचा ताटवा उभा करावा. वैशाखातील कोरडा वारा उन्हाइतकेच पाणी शोषून नेतो, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. कोवळ्या पालेभाजीवर जुन्या साडीची वा हिरव्या जाळीची सावली करावी. पाणी सूर्य मावळल्यावर वा पहाटे द्यावे. भर उन्हात दिलेले पाणी मुळांपर्यंत जाण्याआधीच बरेचसे उडून जाते.

काय लावावे, काय लावू नये

उन्हाळी पिकांची निवड करताना लोभ धरू नये. टोमॅटोला ३५ अंशांहून अधिक तापमानात फळधारणा नीट होत नाही. फुले येतात व गळून पडतात. फुलकोबी, वाटाणा, पालक यांनाही हा ऋतू मानवत नाही. याउलट गवार, चवळी, भेंडी, दोडका, कारले, दुधी भोपळा, काकडी, तांदुळजा, राजगिरा, घोळ ही उन्हाशी मैत्री करणारी पिके आहेत. भेंडी, गवार व वेल यांची लागण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत करावी, म्हणजे कडक उन्हाळा येईपर्यंत त्यांची मुळे खोल जातात. पालेभाज्या मात्र दर पंधरा दिवसांनी थोड्या थोड्या पेराव्यात. एकदम पेरल्यास भाजी एकदम येते व उरलेला महिना वाफा रिकामा राहतो.

भेंडीमध्ये पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा हा रोग उन्हाळ्यात पुष्कळ नुकसान करतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परभणी क्रांती हा वाण या रोगाला बऱ्याच अंशी दाद देत नाही. पिवळी पडलेली झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत व पिवळे चिकट सापळे लावावेत. गवारीत पुसा नवबहार हा वाण प्रचलित आहे. वेलांवर तांबडे भुंगे पहाटेच्या गारव्यात सुस्त असतात. त्या वेळी ते हाताने वेचावेत. कोळी व मावा यांवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. घरच्या बागेसाठी ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून घेतली की पुरते. पुढील वर्षाच्या निंबोळ्या मे-जूनमध्येच पिकून झाडाखाली पडतात. सुटीतील मुलांना त्या वेचण्याचे काम द्यावे.

वेलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुधी व दोडका यांची फुले सायंकाळी उमलतात, कारले व काकडी यांची सकाळी. फळे धरत नसल्यास त्या त्या वेळी नर फुलाचा परागकण मादी फुलाला हाताने लावावा. मादी फुलाच्या मागे लहान फळाचा आकार असतो, त्यावरून ते ओळखता येते.

परसबागेचे मोल पैशांत मोजू नये, असे म्हणण्यामागे कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रत्येक प्रौढ माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात. पाच माणसांच्या घराला हे दोन किलो होते. उन्हाळ्यात एवढी भाजी विकत घेणे मजुरी करणाऱ्या कुटुंबास परवडत नाही. शेवग्याचा पाला, तांदुळजा, राजगिरा आणि त्यावर पिळलेले लिंबू यांनी ही उणीव काही अंशी तरी भरून निघते.

बियाणे घरचे असावे

त्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी राहीबाई पोपेरे यांनी या बाबतीत मोठा आदर्श घालून दिला आहे. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या या आदिवासी शेतकरी महिलेने भात, वाल, भाजीपाला यांचे अनेक गावरान वाण जमविले, आपल्या परसात वाढविले, त्यांची बियाणे बँक उभी केली आणि बचत गटांतील स्त्रियांना बियाणे देऊन ते वाढविण्यास शिकविले. या कामी त्यांना बाएफ या संस्थेचे साहाय्य लाभले. २०२० च्या पद्म पुरस्कारांत श्री. पवार यांच्याप्रमाणेच त्यांच्याही नावाची घोषणा झाली. पाण्याचा हिशेब सांगणारे गाव आणि बियाण्याचा हिशेब सांगणारी बाई एकाच जिल्ह्यातील असावी, यात उभयतांकडून शिकण्याची सोय आहे.

घरचे बियाणे धरण्यासाठी सर्वांत निरोगी वेलावरील एक-दोन फळे सुरुवातीलाच राखून ठेवावीत. शेवटी उरलेले किडके फळ बियाण्यास ठेवू नये. भोपळा, दोडका पूर्ण वाळल्यावर बी काढावे. काकडीचे बी पिकलेल्या फळातून काढून, धुऊन सावलीत वाळवावे. चूल असलेल्या घरी कोरडी राख मिसळून मडक्यात ठेवावे व त्यावर वाणाचे नाव व वर्ष लिहावे. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच उगवत नाही, हे मात्र ध्यानात असावे.

माघार कशी घ्यावी

उन्हाळा लांबला व पाणी घटले, तर सर्व बाग वाचविण्याचा हट्ट धरू नये. तसे केल्यास सारीच बाग अर्धमेली होते. माघारीचा क्रम आधीच ठरवून ठेवावा. सांडपाणी निम्म्यावर आले की नवीन पालेभाजीची पेरणी थांबवावी. आणखी कमी झाले की भेंडी व काकडी काढून जनावरांना घालावी. गवार व चवळी आणखी काही दिवस तग धरतील. दिवसाला ४० लिटरच उरल्यास ते पाणी शेवगा, लिंबू, कढीपत्ता व एक-दोन मडक्यांभोवतीचे वेल यांना द्यावे. भाजीचा वाफा दोन महिन्यांत पुन्हा उभा राहतो. चार वर्षांचे लिंबाचे झाड गेले तर ते चार वर्षांनीच परत येते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना भागातील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा शेतकऱ्यांच्या अनेक वर्षांच्या कष्टांवर पाणी पडले, हे विसरता येणार नाही.

जनावरांचा वाटा या हिशेबातून सुटू नये. मोठ्या जनावरास उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटर वा अधिक पाणी लागते. गावातील जनावरांची संख्या फलकावर माणसांच्या संख्येशेजारीच लिहावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

उपदेशाने परसबाग वाढत नाही. एक बाग डोळ्यांसमोर उभी राहिली की शेजारी दहा उभ्या राहतात. म्हणून प्रत्येक वस्तीत एका घरी गाळणी, मडके व आच्छादन यांसह नमुन्याची बाग तयार करवून घ्यावी. हे घर गावातील सधनाचे नसावे. ज्यांच्या घरी विहीर नाही व नळालाही पाणी कमी येते, अशांचे असावे. तेथे बाग जगली तर कोणत्याही घरी जगेल, ही खात्री लोकांस पटते. शाळेच्या हात धुण्याच्या जागेतील व अंगणवाडीतील पाणीही अशाच वाफ्यांकडे वळवावे.

१ मे च्या ग्रामसभेपुढे चार गोष्टी मांडाव्यात: विहिरीची रोजची नोंद, जत्रा व लग्नकार्यांसाठी लागणारे जास्तीचे पाणी, बागेसाठी ताजे पाणी न वापरण्याचा नियम, आणि पाऊस येण्यापूर्वी करावयाची श्रमदानाची कामे. लग्नघराने मांडवाच्या आठ दिवस आधी ग्रामपंचायतीस पाण्याची गरज कळवावी, असा साधा संकेत ठरला तरी पुष्कळ तंटे टळतात. नियम मोडणाऱ्यास दंड करण्यापूर्वी त्याच्या परसात जाऊन गाळणी बसवून द्यावी. बहुतेकांस दुसरी वाट दाखविली की ते ताज्या पाण्याचा हट्ट धरीत नाहीत. या सभेस स्त्रियांची उपस्थिती अवश्य असावी. पाणी किती येते व कोठे जाते, याचा बिनचूक हिशेब घरात त्यांनाच ठाऊक असतो.

रोहिणी नक्षत्र मे च्या अखेरीस लागते व त्यानंतर दोन आठवड्यांत मृग. एवढ्या अवधीत चर व बंधाऱ्यांतील गाळ काढणे, विहिरीभोवतीचा ओटा दुरुस्त करणे, घरांच्या पागोळ्यांचे पाणी गाळून जमिनीत मुरविण्याची सोय करणे ही कामे उरकावीत. बागेत काढलेला गाळ व कुजलेले आच्छादन मिसळून वाफे तयार ठेवावेत, शेवग्याच्या काड्या व बियाणे काढून ठेवावे. विहिरीच्या पातळीची वही मात्र पाऊस पडला म्हणून बंद करू नये. पुढच्या वर्षीच्या रब्बीत काय पेरावे व पुढच्या उन्हाळ्यात परसात किती वाफे करावेत, याचा निर्णय त्याच वहीवरून घ्यावयाचा आहे.